हिरवळीपेक्षा काटे बरे

वाळवंटात घर बांधणारा माणूस सगळ्यात आधी वाळवंट हटवतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली टूसॉन आणि फीनिक्स ही शहरं अशीच वाढली. सोनोराच्या वाळवंटातली काटेरी झुडपं उपटून जमीन सपाट केली, तीवर ओल्या मुलखातली हिरवळ अंथरली, तुती-ऑलिव्हची झाडं लावली आणि हा सगळा थाट आधी जमिनीखालचं पाणी उपसून, पुढे सुमारे 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने कोलोरॅडो नदीचं पाणी आणून जगवला. टूसॉनला वर्षाकाठी जेमतेम 270 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या सोलापूरच्या साधारण निम्मा. याच शहरांत आता घराभोवती पक्षी यावेत म्हणून धडपडणारे लोकही बरेच आहेत. ते दाण्याची नळी टांगतात, पाण्याचं भांडं ठेवतात, बाजारातून लाकडी घरटं आणतात. म्हणजे पुन्हा बाहेरून आणून भर घालणं आलंच. माझं म्हणणं असं, की वाळवंटात पक्ष्यांची बाग अशा आणलेल्या वस्तूंनी फारशी होत नाही. मूळचं काय राहू दिलं आणि नको ते काय उपटलं, यावर ती ठरते. पक्ष्यांसाठी केलेल्या श्रमदानाचं मोलही मला याच मापाने मोजावंसं वाटतं.

सोनोरा हे नावाला वाळवंट असलं तरी ओसाड नाही. इथे पाऊस दोनदा येतो, हिवाळ्यात हलका आणि जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाटी, आणि त्यावर काटेरी झाडांचं एक दाट जग उभं राहतं. त्यातला सवारो हा खांबासारखा उंच निवडुंग सगळ्यांना चित्रांतून ठाऊक असतो. गिला सुतार पक्षी त्याच्या खोडात ढोली कोरतो, पण लगेच राहायला जात नाही. ओल्या गराभोवती निवडुंग स्वतःच एक टणक अस्तर धरतो आणि त्याला काही महिने लागतात. सुतार पक्षी पुढच्या हंगामात तिथे वीण करतो, आणि तो निघून गेला की तीच ढोली चाळीस-एक ग्रॅम वजनाच्या एल्फ घुबडाला किंवा माशीमार पक्ष्याला मिळते. चोया नावाचा बुटका निवडुंग तर इतका काटेरी, की जवळून जाणाऱ्याच्या कपड्यांना त्याची कांडकीच्या कांडकी चिकटते. बागेतून पहिली हकालपट्टी त्याचीच होते. पण ॲरिझोनाचा राज्यपक्षी कॅक्टस रेन आपलं लांबट, बाजूने तोंड असलेलं गवती घरटं शक्यतो चोयातच बांधतो, कारण साप आणि मांजर तिथे सहज पोचत नाहीत. घरट्याचं तोंडही तो हंगाम पाहून ठेवतो. सुरुवातीच्या गारठ्यात वाऱ्याकडे पाठ, आणि उन्हाळ्यातल्या घरट्याचं तोंड मात्र वाऱ्याच्या दिशेला, पिल्लांना हवा लागावी म्हणून. मेस्कीट या काटेरी झाडाच्या फांद्यांवर वाढणारं बांडगूळही माळी न चुकता छाटतो. काळाभोर, तुरेवाला फेनोपेप्ला हिवाळाभर मुख्यतः त्याच बांडगुळाच्या फळांवर जगतो आणि विष्ठेतून बी पुन्हा फांदीवर चिकटवतो. आपल्याकडे फुलटोच्या आणि आंब्यावरचं बांडगूळ यांचं नातं असंच आहे, आणि शिव्या खाण्याचं नशीबही तेच.

हे सगळं निसर्गप्रेमींचं कौतुक म्हणून सोडून देता आलं असतं, पण फीनिक्समध्ये यावर मोजमाप झालं आहे. तिथल्या शहरी परिसंस्थेचा अभ्यास 1990च्या दशकाच्या अखेरीपासून सलग चालू आहे. सुझॅना लर्मन आणि पेज वॉरन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की ज्या वस्त्यांच्या अंगणात वाळवंटी झाडोरा जास्त, तिथे वाळवंटाचे मूळचे पक्षीही जास्त. हिरवळीच्या अंगणातही पक्षी असतातच, पण ते कुठल्याही शहरात भेटणारे होले, चिमण्या आणि साळुंकीच्या नात्यातले स्टार्लिंग. याच मंडळींनी आणखी एक साधा प्रयोग केला. दोन्ही प्रकारच्या अंगणांत वाळूत दाणे मिसळून ताटं ठेवली आणि पक्षी किती दाणे मागे टाकून उठतात ते मोजलं. हिरवळीच्या अंगणातले पक्षी ताट जास्त निपटून काढत होते; वाळवंटी अंगणातले लवकर उठत होते. ज्याला आजूबाजूला चांगलं खायला मिळतं तो शिळ्या ताटावर अडून बसत नाही, असा त्याचा अर्थ. 2011च्या त्या अभ्यासात एक अप्रिय गोष्टही आहे, ती लपवू नये. वाळवंटी बागा आणि मूळचे पक्षी हे दोन्ही श्रीमंत वस्त्यांत जास्त सापडले. बागेच्या गोष्टी करताना जमीन कोणाकडे आहे हा प्रश्न असा मध्ये येतोच, आणि म्हणूनच शाळेचं आवार, रस्त्याची कड, दवाखान्याचं कुंपण या सार्वजनिक जागांतलं काम मला खाजगी बंगल्यातल्या बागेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पण वाळवंटातला खरा प्रश्न पाण्याचा, मग झाडांचं कौतुक किती करायचं, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. शेजारच्या मोहावी वाळवंटात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या काटेकोर नोंदी केल्या होत्या. शंभरेक वर्षांनी 61 ठिकाणी पुन्हा मोजणी झाली तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या जातींची संख्या सरासरी 43 टक्क्यांनी घटलेली निघाली. हे 2018 साली प्रसिद्ध झालं. घट कमी झालेल्या पावसाशी जुळत होती. पुढच्याच वर्षी आलेल्या अभ्यासाने कारण आणखी उलगडलं. अंग थंड ठेवायला ज्या जातींना जास्त पाणी लागतं, त्याच जास्त घटल्या. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि शरीरातलं पाणी वाफ करून उष्णता घालवतो. सहा-सात ग्रॅम वजनाच्या व्हर्डिनसारख्या पाखराजवळ असं घालवायला पाणी असतं तरी किती? 2023 साली फीनिक्समध्ये सलग 31 दिवस तापमान 43 अंशांच्या वर गेलं. अशा दिवसांत पाण्याचं भांडं उपयोगी पडतं हे मी नाकारत नाही. ते उथळ, खरबरीत तळाचं, सावलीत आणि रोज धुतलेलं हवं. पण पुष्कळ छोटी कीटकभक्षी पाखरं भांड्याकडे फिरकतच नाहीत. त्यांचं पाणी अळीच्या अंगात असतं. शिवाय दुपारी दाट काटेरी सावलीत निश्चल बसून जे पाणी खर्चच होत नाही, तेही कमावल्यासारखंच. अळी आणि सावली या दोन्ही गोष्टी झाडच देतं, आणि अळी पोसणारं झाड बहुधा स्थानिकच असतं, कारण परक्या झाडाची पानं पचवण्याची सवय तिथल्या किड्यांना नसते. हमिंगबर्डला साखरपाण्याची नळी आवडते, पण मादी पिल्लांना चारते ते चिलटं आणि कोळी. नुसत्या साखरपाण्यावर पिल्लू वाढत नाही.

दाणे टाकण्याच्या सवयीबद्दल टूसॉनमधलाच एक दाखला जवळून पाहण्यासारखा आहे. कूपर्स हॉक हा आपल्या शिक्र्याच्या कुळातला शिकारी पक्षी या शहरात चांगलाच रुळला आहे. उंच झाडं, आणि अंगणात टाकलेल्या दाण्यांवर जमणारे होल्यांचे थवे. आणखी काय हवं? पण होल्यांच्या घशात एक सूक्ष्म परजीवी असतो. नर हॉक होला मारून आणतो आणि पिल्लं तेच मांस खातात. 1990च्या दशकात झालेल्या तपासणीत शहरातल्या घरट्यांमधली 85 टक्के पिल्लं या परजीवीने बाधित निघाली, शहराबाहेर हेच प्रमाण 9 टक्के होतं. पुष्कळ पिल्लं दगावली. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की शहरातले प्रौढ हॉक चांगले तगतात आणि त्यांची संख्या काही कोसळलेली नाही. तेव्हा दाणे टाकणारा प्रत्येक जण हॉकचा मारेकरी, असा गवगवा करायचं कारण नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की एका जागी ओतलेलं अन्न एकाच जातीची गर्दी करतं आणि गर्दीत रोग पसरतो, तर दहा झाडांवर विखुरलेल्या अळ्या आणि शेंगा असली गर्दी करत नाहीत. टांगलेल्या घरट्यांचंही तसंच. पातळ फळीची पेटी ॲरिझोनाच्या उन्हात भट्टी होते. तरीही टूसॉन ऑडुबॉन या संस्थेने मेस्कीटच्या सालीमागे घरटं करणाऱ्या ल्युसीज वॉर्बलरसाठी वेगवेगळ्या पेट्या टांगून पाहिल्या, आणि नेहमीच्या गोल भोकाच्या पेटीपेक्षा एक त्रिकोणी पेटी त्याला पसंत पडली. ही चांगली स्वयंसेवा. पण ती करावी लागली ती जुनी, वठलेली मेस्कीटची खोडं तोडली गेली म्हणून, हे विसरायला नको.

यावर सगळ्यात जोरकस आक्षेप येतो तो उष्णतेचा. हिरवळ काढली की घर तापतं, आणि गोट्यांची रुक्ष अंगणं पाहायलाही नकोशी वाटतात. हा आक्षेप निम्मा खरा आहे. पाणी वाचवायच्या नादात या शहरांत हजारो अंगणांवर प्लॅस्टिक अंथरून खडी ओतली गेली आणि मध्ये दोन निवडुंग खोचले गेले. त्याला वाळवंटी बाग म्हणणं ही फसवणूक आहे. दिवसभर तापलेली खडी रात्री उष्णता ओकते आणि तीत एक किडाही राहत नाही. मात्र याला उत्तर हिरवळ नव्हे. उत्तर सावली देणारी मेस्कीट, पालो वेर्दे, आयर्नवुड ही झाडं, आणि त्यांना छपराचं पाणी. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार लिटर पाणी होतं. टूसॉनच्या कोरड्या वर्षातही घरटी वीसेक हजार लिटर पाणी गटारात जातं. झाडाभोवती चांगलं खोलगट, पालापाचोळ्याने भरलेलं आळं केलं आणि परसातलं पाणी तिकडे वळवलं, तर दोन-तीन वर्षांनी नळ बंद करता येतो. ब्रॅड लँकेस्टर यांनी टूसॉनच्या डनबार-स्प्रिंग वस्तीत रस्त्याच्या कडेचा काँक्रीटचा कठडा जागोजागी कापून पावसाचं वाहतं पाणी झाडांच्या आळ्यांत सोडलं. आधी बेकायदा केलेलं हे काम नंतर नगरपालिकेने नियमांत बसवलं. 2008 साली या शहराने नव्या व्यापारी इमारतींच्या बागांना लागणारं निम्मं पाणी पावसाचंच असावं, असा नियमही केला. साप येतील, ही भीती राहतेच. रॅटलस्नेकच्या मुलखात ती खोटी नाही. दाट झुडूप दारापासून लांब ठेवावं आणि पाचोळ्यात हात घालू नये, याहून मोठा उपाय मला ठाऊक नाही.

आता उपटण्याविषयी. टूसॉनच्या डोंगरउतारांवर हिवाळ्याच्या शनिवार-रविवारी पहारी घेतलेली माणसं एक झुपकेदार गवत मुळासकट काढताना दिसतात. त्याला ते बफेलग्रास म्हणतात. आपल्याकडचं अंजन गवत ते हेच, राजस्थानातलं धामण. कोरडवाहू शेतकऱ्याला मारवेलच्या जोडीने हे चांगलं वैरण म्हणून लावायला सांगतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. पण 1930-40च्या दशकांत अमेरिकेने ते गुरांसाठी आफ्रिकेतून आणलं आणि ते सोनोराच्या वाळवंटात पसरलं. तिथली झाडं एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात, म्हणून आग पसरत नाही, आणि म्हणून कोणाला आग सोसायची सवयही नाही. मधली मोकळी जमीन या गवताने भरली की वाळलेलं गवत पेट घेतं, आणि ज्या सवारोला पहिली फांदी फुटायला 50 ते 75 वर्षं लागतात तो एका दुपारी भाजून निघतो. याच्या बरोबर उलटा प्रवास आपल्याकडे झाला. मेस्कीटचीच चुलत बहीण अमेरिकेतून भारतात आली. ती आपली वेडी बाभूळ. 1930च्या दशकात जोधपूर संस्थानाने तिचं बी विमानातून पेरलं असं सांगतात. तिथे ती बावळिया झाली आणि तिने खेजडी, कुमट, कैर यांची जागा बळकावली. 2006 पासून मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमिनीवर प्रदीप क्रिशन यांच्या देखरेखीखाली राव जोधा उद्यान उभं राहिलं ते आधी हिला काढून. वरून तोडली की ती दुप्पट फुटते. शेवटी खाणीतल्या खंडवालिया कारागिरांनी खडकावर ठोकून, आवाज ऐकून, छिन्नी-हातोडीने खडक फोडत तिचा बुंधा मुळाशी काढला. आता तिथे थोर आणि स्थानिक गवतं आहेत. हे काम मजुरी देऊन करून घेतलेलं होतं, आणि ते योग्यच झालं. प्रत्येक ठिकाणी हौशी श्रमदान पुरतं असं नाही. एकच गवत एका मुलखात वैरण आणि दुसऱ्यात वणवा, एकच कुळ एका ठिकाणी पक्ष्यांचं माहेर आणि दुसऱ्या ठिकाणी मुसंडी मारणारं. त्यामुळे 'देशी तेवढं चांगलं' ही कट्टर माणसांची घोषणा आहे, या आरोपात मला दम वाटत नाही. झाडाला दोष देण्याचा प्रश्न नाहीच. त्याच्याबरोबर वाढलेले किडे, पाखरं आणि पाऊस तिथे आहेत की नाहीत एवढंच पाहायचं आहे.

राहता राहिला शेवटचा आक्षेप. अशा अंगणांनी आणि रविवारच्या श्रमदानाने होणार काय? महामार्ग, कॉलनी, सौरऊर्जेची शेतं यांपुढे चार गुंठ्यांची बाग म्हणजे काहीच नाही. काही पक्ष्यांच्या बाबतीत हे मान्य करायलाच हवं. थरच्या माळढोकाला कुठलीही बाग वाचवू शकत नाही. त्याला मैलोगणती मोकळं गवताळ रान लागतं आणि तो मरतो विजेच्या तारांना धडकून. तारा जमिनीखाली घालाव्यात की नाही हे सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2021 साली आदेश झाला, 2024 साली तो सैल झाला. तिथे नागरिकाचं काम पाठपुराव्याचं, रोपं लावण्याचं नव्हे. पण चार-पाच ग्रॅमचा हमिंगबर्ड, चोयातला रेन, बांडगुळावरचा फेनोपेप्ला यांचं जग लहान असतं आणि एक गल्ली त्यांच्या हिशेबात मोठी असते. शिवाय हौशी माणसांच्या नोंदींना हसण्याचे दिवस गेले. 1970 पासून उत्तर अमेरिकेने जवळजवळ 290 कोटी पक्षी गमावले, हा 2019 साली निघालेला निष्कर्ष मुख्यतः 1966 पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या रस्त्यांवर ठरलेल्या पद्धतीने पक्षी मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या वह्यांवर उभा आहे. चुका होतातच, पण नोंदी भरपूर असल्या आणि पद्धत ठरलेली असली की चुका वेगळ्या काढता येतात. भारतातला 2023 सालचा पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल 30 हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर बेतलेला आहे आणि त्याने 942 जातींचा आढावा घेतला. कुठल्याही सरकारी खात्याला एवढी माणसं पगारावर ठेवता आली नसती.

त्याच अहवालात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. सर्वांत वेगाने घटणाऱ्या पक्ष्यांमध्ये गवताळ रानं आणि मोकळ्या माळांवरचे पक्षी आहेत. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्वेचे तालुके इथली माळरानं वाळवंट नव्हेत, पण त्यांच्या नशिबी तीच वागणूक आली. सरकारी दप्तरात ती पडीक, आणि पावसाळा आला की तिथे खड्डे खणून झाडं लावायला सगळे उत्साहाने जमतात. ज्या माळावर कधी जंगल नव्हतं तिथे लावलेली रांगेतली झाडं धाविकाला आणि चंडोलाला हुसकून लावतात. वृक्षारोपणाला विरोध करायचा नाही. ज्या गावाची टेकडी तोडल्यामुळे बोडकी झाली तिथे झाडं हवीतच. पण खड्डा खणण्याआधी तो माळ मूळचा माळच आहे का हे एखाद्या जाणत्या मेंढपाळाला विचारावं. श्रमदान करायचंच असेल तर माळावरची वेडी बाभूळ काढायला माणसं हवी आहेत, आणि ती एका रविवारी निघत नाही, पुढची काही वर्षं परत परत यावं लागतं. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांच्यासाठी फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. निदान 15 मिनिटं थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायची. त्याला पैसे पडत नाहीत. पुढच्या वेळी अशी एक यादी गच्चीवरून करण्याऐवजी जवळच्या माळावर जाऊन करा, आणि धाविक, चंडोल, पखुर्डी यांपैकी काहीही दिसलं नाही तरी ती जरूर टाका.